गाडी ८०ला टुंगटुंग करते, विमान कितीला?

मधली_सीट

गेल्या आठवड्यात लंडनहून मुंबईला येत होतो. लेक खिडकीशी, मी मधल्या सीटवर, समोर पडद्यावर नकाशा. तुर्कस्तानावर आल्यावर वेगाचा आकडा चढत चढत ताशी १०९० किलोमीटरवर गेला. लेकीने विचारलं, "बाबा, आता पायलटकाकांकडे टुंगटुंग वाजत असेल का?"

टुंगटुंग म्हणजे आमच्या गाडीतली. जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांत ती सक्तीची आहे. ८०च्या वर गेलात की थोड्या थोड्या वेळाने, १२०च्या वर गेलात की थांबतच नाही.

तर पहिला प्रश्न लेकीचा: विमानात असं काही असतं का, आणि कितीला वाजतं? दुसरा माझा. मुंबईहून पुण्याला टॅक्सीने आलो. एक्सप्रेसवेवर काटा शंभरला टेकला तरी गाडी शांत. ड्रायव्हरदादांना विचारलं तर म्हणाले, "साहेब, डोकं उठतं त्या आवाजाने. वायरच काढून टाकली." विमानात अशी वायर काढता येते का?

जाणकारांनी प्रकाश टाकावा. लेकीला सांगायचं आहे, तेव्हा जरा सोपं करून.

चिंचपोकळी_लोकल

१०९०? आवाजाचा वेग १२०० च्या आसपास ना? म्हणजे काँकॉर्ड व्हायला थोडक्यात चुकलात. (ह.घ्या.)

हँगरवाला

विमानाच्या देखभालीत पंचवीस वर्षं काढली, म्हणून हात शिवशिवतायत.

आधी १०९० चा निकाल लावू. तो जमिनीवरून मोजलेला वेग. संध्याकाळी दादरला गर्दी तुम्हाला डब्यातून बाहेर फेकते तेव्हा तुम्ही पाऊलही टाकलेलं नसतं, तरी प्लॅटफॉर्मवर पोचता. तसंच. विमान हवेत चाललं होतं ताशी ९०० च्या आसपास, उरलेले पावणेदोनशे-दोनशे मागून येणाऱ्या वाऱ्याचे. त्या वाऱ्याचा विमानाच्या अंगावर काहीही ताण येत नाही.

ताण येतो तो समोरून आदळणाऱ्या हवेचा. तो मोजायला नाकाजवळ बोटाएवढ्या नळ्या असतात, पिटो म्हणतात. समोरून येणारी हवा त्या नळीत कोंडते, तिचा दाब घ्यायचा. अंगावर दुसरीकडे बारीक भोकं असतात, स्टॅटिक पोर्ट, तिथून नुसता भोवतालच्या हवेचा दाब घ्यायचा. दोन्हींतला फरक म्हणजे वेग. ३७ हजार फुटांवर हवा इतकी विरळ की तुमचं विमान ९०० ने जात असताना नळीला जेमतेम ५०० चा रेटा जाणवत होता.

आता मर्यादा. प्रत्येक विमानाला दोन असतात. खाली दाट हवेत रेट्याची, तिला व्हीएमओ म्हणतात, नॉटमध्ये (१ नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर). वर विरळ हवेत ध्वनिवेगाच्या प्रमाणात, ती एमएमओ, मॅकमध्ये. एअरबस ए३२० ला ३५० नॉट आणि मॅक ०.८२. बोइंग ७३७-८०० ला ३४० आणि ०.८२. जुन्या ७४७-४०० ला ०.९२, ती फार पळायची. एटीआर बिचारी २५० नॉटवाली. चढताना पंचवीसेक हजार फुटांपर्यंत पहिली मर्यादा आधी आडवी येते, त्याच्या वर दुसरी.

वाजतं कधी, तर अमेरिकेचा नियम २५.१३०३ असा: टर्बाइन इंजिनाच्या मोठ्या विमानात वेगाचा इशारा देणारं उपकरण हवंच, आणि वेग व्हीएमओच्या वर ६ नॉट किंवा एमएमओच्या वर ०.०१ मॅक गेला की त्याने पायलटना आवाज करून सांगायचं. नुसता लाल दिवा चालत नाही. आणि तो आवाज इतर कामांसाठीच्या आवाजांपासून स्पष्ट वेगळा ओळखू आला पाहिजे. युरोपच्या सीएस-२५ या नियमावलीत कलमाचा क्रमांकसुद्धा हाच. हे झालं विमान बनवणाऱ्यासाठी. उडवणाऱ्यासाठी अमेरिकेत ९१.६०३ हे एका वाक्याचं कलम आहे: असं उपकरण नसलेलं वाहतुकीच्या वर्गातलं विमान उडवायचं नाही. आपल्याकडच्या एअरबस आणि बोइंग मुळात याच दोन नियमावल्यांखाली पास होऊन आलेल्या.

कोपऱ्यातले_काका

६ नॉट म्हणजे ११ किलोमीटर. म्हणजे ५ नॉट जास्त पळवलं तर कुणाला कळणार नाही. आपल्याकडे १०० च्या रस्त्यावर १०५ ने जातातच की.

हँगरवाला

काका, सगळं रेकॉर्डरमध्ये जातं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात बोलावणं येतं, चहासुद्धा विचारत नाहीत.

ते ६ नॉट पायलटसाठी नाहीत, यंत्रासाठी आहेत. बरोबर रेषेवर वाजायला लावलं तर वाऱ्याच्या प्रत्येक झुळकीला बोंबलेल आणि मग कुणी लक्ष देणार नाही. शिवाय प्रत्येक उपकरण बनताना इकडेतिकडे थोडा फरक राहतो, तो धरूनसुद्धा ६ च्या बाहेर जायचं नाही असं कलमातच आहे. म्हणून एअरबसने ४ नॉट आणि ०.००६ मॅकवरच लावलंय. पायलटने व्हीएमओ जाणूनबुजून ओलांडायचाच नाही, त्याचं कलम वेगळं.

आणि ओलांडला म्हणजे लगेच पंख गळून पडले असंही नाही. डिझाइन करताना वरचा एक वेग धरतात. विमान मर्यादेवर असताना चुकून नाक साडेसात अंश आणखी खाली गेलं, २० सेकंद तसंच राहिलं, आणि मग पायलटने दीड जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या दीडपट जोर लावून वर ओढलं, तर वेग कुठवर जाईल? तो हिशोब धरून सांगाडा बनवतात. घंटा वाजते ती या मोकळ्या जागेच्या दाराशी.

डावी_सीट_कधी

उजव्या, म्हणजे को-पायलटच्या सीटवरून लिहितेय. 🙂 एअरबस उडवते.

काकांच्या १०५ बद्दल. आमच्या पडद्यावर वेगाची उभी पट्टी असते आणि मर्यादेच्या वर लाल-काळी नक्षी. तिला सगळे बार्बर पोल म्हणतात, परदेशातल्या न्हाव्याच्या दुकानाबाहेरच्या खांबावरून. वेगापासून एक पिवळा बाण निघतो. आत्ता चाललंय तसंच चाललं तर दहा सेकंदांनी वेग किती असेल ते बाणाचं टोक सांगतं. आमची नजर घंटेवर नसते, त्या टोकावर असते.

मागच्या हिवाळ्यात दिल्लीहून लेहला जात होतो. डोंगरांवरून वारा उसळतो, माउंटन वेव्ह. सगळं शांत, खाली बर्फ, कॅप्टनसरांच्या हातात चहाचा कप. बाण एकदम लांब झाला आणि टोक लाल पट्ट्यात शिरलं. सरांनी कप माझ्याकडे दिला (धरायला दुसरं कोण होतं), स्पीडब्रेकचा दांडा मागे ओढला. पंखावरचे पत्रे उभे राहिले, अंगात थरथर जाणवली, टोक मागे सरकलं. घंटा वाजली नाही. मागे कुणाला कळलंही नसेल.

वाजली असती तर ऑटोपायलट ठेवायचा, स्पीडब्रेक पूर्ण, इंजिनांचा जोर खाली येतोय ना बघायचं. घाबरून नाक उचलायचं नाही.

आणि खरं सांगू का, ३५० आणि ०.८२ पेक्षा जास्त धडधड उतरताना होते. फ्लॅप म्हणजे हळू उडता यावं म्हणून पंखातून बाहेर काढायचे पत्रे. त्यांच्या प्रत्येक पायरीची आपली वेगळी मर्यादा, पहिल्या पायरीला २३० नॉट, पूर्ण फ्लॅपला १७७. तीही ओलांडली की तोच आवाज.

चिंचपोकळी_लोकल

एअरबस तर म्हणे स्वतःच नाक उचलून वेग कमी करते. मग घंटा हवी कशाला?

डावी_सीट_कधी

करते. हाय स्पीड प्रोटेक्शन. ऑटोपायलट सुटतो आणि संगणक हळूच नाक वर घेतो. पण सेन्सर बिघडून संगणकाने एक पायरी खाली उतरायचं ठरवलं की हे लाड कमी होतात.

उशिरा_जेवणारी

आवाज वेगळा हवा म्हणालात. वाजतो तरी कसा?

हँगरवाला

७३७ वर क्लॅकर. जत्रेत पत्र्याचा बेडूक मिळायचा ना, पोटाची पट्टी दाबली की कट्‌कट्‌ करणारा? तो सेकंदाला दहा वेळा दाबा. एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन यंत्रणा आहेत, प्रत्येकीची चाचणीची कळ पायलटच्या डोक्यामागच्या पॅनेलवर.

खरी मजा हँगरमध्ये. पिटोच्या तोंडाला एक अडॅप्टर चढवायचं, स्टॅटिकच्या भोकांवर दुसरं, आणि ढकलगाडीवरच्या डब्यातून नळ्यांत दाब सोडायचा. बाहेर जुलैचा पाऊस पत्र्यावर कोसळतोय, विमानाच्या चाकांना लाकडी ठोकळे लावलेत, खाली कुणीतरी डबा उघडून पोहे खातंय, आणि वर कॉकपिटमध्ये वेग ३०० दाखवतोय. ३२०. ३३५. ३४० च्या जरा पुढे गेला की कटकटकटकट. विमान जागचं इंचभर हललेलं नसतं. नव्या पोराला पहिल्यांदा दाखवलं की तो हमखास खिडकीतून बाहेर बघतो.

हे एवढ्यासाठी सांगतोय की घंटेला वेग कळत नाही. तिला नळीतला दाब कळतो. मी डब्याने दिला काय नि हवेने दिला काय, तिला सारखंच.

उशिरा_जेवणारी

म्हणजे ती खोटंही बोलू शकते?

जुनी_कात्रणं

बोलली आहे. आणि माणसं गेली आहेत.

१ डिसेंबर १९७४. नॉर्थवेस्टचं बोइंग ७२७, न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावरून बफेलोला निघालेलं. बाल्टिमोरच्या फुटबॉल संघाला आणायला चाललेलं, त्यामुळे आत फक्त तिघांचा क्रू. पिटो नळ्या गरम ठेवायचे हीटर लावायचे राहून गेले. सोळा हजार फुटांच्या आसपास नळ्या बर्फाने बुजल्या.

बुजलेल्या नळीत जुना, खालचा, जास्तीचा दाब अडकून राहिला. विमान वर चढत गेलं तसा बाहेरचा दाब कमी होत गेला. दोन्हींतला फरक वाढला, म्हणजे काटा म्हणतो वेग वाढतोय. तो वेगाचा काटा राहिलाच नव्हता, उंची मोजत होता. क्रूला वाटलं विमान हलकं आहे म्हणून पळतंय. वेग कमी करायला नाक वर घेतलं. त्यामुळे आणखी चढलं, काटा आणखी पुढे. मग ओव्हरस्पीडचा इशारा वाजायला लागला. म्हणून नाक आणखी वर.

खरा वेग तोवर संपत आला होता. स्टॉल, म्हणजे वेगाअभावी पंखांची उचल संपणं, जवळ आल्याचं सांगायला पायलटच्या हातातला दांडा थडथडायला लागला, तर त्यांना वाटलं ही अतिवेगाची थरथर आहे. ध्वनिवेगाच्या जवळ गेलं की विमान थरथरतंच, त्यामुळे चुकीलाही आधार होता. चोवीस हजारांच्या वरून विमान कोसळलं, दीड मिनिटाच्या आत जमिनीवर. तिघेही गेले.

मधली_सीट

बापरे. लेकीला हे कसं सांगू.

बरं, माझा वायरचा प्रश्न राहिला.

हँगरवाला

एअरबसवर बाकीचे बरेच लाल इशारे बटण दाबून गप्प करता येतात, ओव्हरस्पीडचा येत नाही. ७३७ चा क्लॅकरही वेग मर्यादेखाली आल्याशिवाय थांबत नाही. पण वायर नाही तरी सर्किट ब्रेकर असतो, घरातल्या एमसीबीसारखा, तो ओढता येतो.

एकदा ओढला गेलाय. ६ फेब्रुवारी १९९६, डोमिनिकन प्रजासत्ताकातलं पुएर्तो प्लाता, बिर्गेनएअरचं बोइंग ७५७. ते विमान त्याआधी बरेच दिवस उभं होतं आणि पिटोवर झाकणं घातली नव्हती. कॅप्टनच्या बाजूची नळी बुजली होती. नळी हाती लागली नाही, पण तपासकांचा संशय कुणावर, तर कुंभारीण माशीवर. तीच, आपल्या खिडकीच्या कोपऱ्यात चिखलाचं मडकं करणारी.

धावपट्टीवरच कॅप्टनचा काटा चालत नाही हे कळलं होतं, तरी उड्डाण केलं. वर गेल्यावर जुनी_कात्रणं यांनी सांगितलं तेच: काटा फुगत गेला, साडेतीनशे नॉटपर्यंत. शेजारी को-पायलटचा काटा खरं सांगत होता, २०० आणि उतरता. ऑटोपायलट कॅप्टनच्या काट्याचं ऐकून नाक उचलत होता. अतिवेगाचा इशारा वाजायला लागला, तर त्याचा ब्रेकर ओढून तो बंद केला. मग स्टिक शेकर, म्हणजे तोच स्टॉलचा थडथडणारा दांडा. विमान समुद्रात गेलं, १८९ माणसं.

तुमच्या टॅक्सीवाल्याला खरा आवाज नको होता. यांनी खोटा आवाज गप्प केला, तोही का खोटा आहे ते न शोधता. आणि खोटी नळी ऑटोपायलटच्या कानाला लागलेली तशीच राहिली.

जुनी_कात्रणं

त्याच वर्षी २ ऑक्टोबरला एरोपेरूचं ७५७, लिमाहून सांतियागोला. धुताना स्टॅटिकच्या भोकांवर टेप लावली होती, ती काढायची राहिली. रात्र, खाली पॅसिफिक. वेग खोटा, उंची खोटी, आणि अतिवेगाचा इशारा व स्टॉलचा इशारा दोन्ही एकाच वेळी चालू. पायलटने कंट्रोलरला उंची विचारली. त्याने रडारवरची सांगितली, पण ती उंची विमानाच्याच ट्रान्सपाँडरने पाठवलेली, त्याच बुजलेल्या भोकांची. आपलीच चूक आपल्याला दुसऱ्याच्या तोंडून खरी म्हणून ऐकू आली. ७० गेले.

कोपऱ्यातले_काका

मग हा नियमच धोक्याचा नाही का? अशी घंटा असण्यापेक्षा नसलेली बरी!

डावी_सीट_कधी

काका, नाही पटलं. खरोखर अतिवेग झालेली विमानंही आहेत. १९५९ च्या फेब्रुवारीत पॅनअॅमचं ७०७ अटलांटिकवर ३५ हजार फुटांवरून सहा हजारांपर्यंत खाली आलं. कॅप्टन मागे प्रवाशांमध्ये होते, ऑटोपायलट सुटल्याचं वेळेत लक्षात आलं नाही. नशिबाने वाचले, कॅनडातल्या गँडरला उतरले. जेट नाक खाली करून सुटलं की वेग इतका पटकन वाढतो की काटा वाचायला वेळ नसतो. तिथे कानच उपयोगी.

नियमाने आवाज मागितला ते योग्यच केलं. आवाज खोटा असेल तर काय करायचं, ते उपकरणाच्या कलमात बसत नाही. ते आमच्या प्रशिक्षणात येतं. वेगावर विश्वास राहिला नाही की नाक किती अंश आणि इंजिनांचा जोर किती, एवढं धरायचं. ठरावीक कोन आणि ठरावीक जोर असला की विमान ठरावीक वेगानेच उडणार, काटा काही का म्हणेना. हे आकडे पाठ असतात. सिम्युलेटरमध्ये दर खेपेला कुठली ना कुठली नळी बुजवतातच. आणि दोन बाजूंचे वेग जुळेनात की नवी विमानं तसं लिहून दाखवतात. ७३७ वर "आयएएस डिसअॅग्री" येतं.

माझी तक्रार असलीच तर उलटी आहे. नियम म्हणतो आवाज वेगळा हवा. आमच्या एअरबसवर तो टिंगटिंगटिंग इतर लाल इशाऱ्यांनाही वाजतो. कशासाठी वाजतोय ते मधल्या पडद्यावर "ओव्हरस्पीड" म्हणून वाचावं लागतं. प्रमाणपत्र मिळालंय, चालतंय, पण मला पत्र्याचा बेडूक जास्त प्रामाणिक वाटतो.

हँगरवाला

+१. एकच आवाज दोन कामांना दिला की काय होतं ते २००५ च्या ऑगस्टमध्ये हेलिओसच्या ७३७ वर दिसलं. केबिनमधला दाब जातोय हे सांगणारा भोंगा आणि जमिनीवर टेकऑफची मांडणी चुकली की वाजणारा भोंगा एकच. क्रूला दुसराच अर्थ लागला. १२१ माणसं. कलमातलं "स्पष्ट वेगळा" हे वाचायला किरकोळ वाटतं.

वांद्र्याची_मावशी

धागा विमानाच्या उपकरणांचा आहे म्हणून. आमच्या पिढीला १ जानेवारी १९७८ विसरता येत नाही. एअर इंडियाचं जंबो 'सम्राट अशोक' सांताक्रूझहून दुबईला निघालं आणि वांद्र्याच्या समोर समुद्रात गेलं, २१३ जण होते. तेव्हाही असंच काही झालं होतं ना?

जुनी_कात्रणं

मावशी, त्यात वेगाची घंटा नव्हती, पण जात तीच. कॅप्टनसमोरचं क्षितिज दाखवणारं उपकरण उजवीकडे कललेलंच राहिलं. त्यांनी ते खरं मानून विमान डावीकडे वळवलं, आणि वळवतच राहिले. शेजारी दुसरी उपकरणं होती. अंधार होता, समोर फक्त अरबी समुद्र.

मधली_सीट

सगळ्यांचे आभार. लेकीला नळी, बेडूक आणि कुंभारीण एवढं सांगितलं, बाकीचं गाळलं. कुंभारीण फार आवडली. आता गॅलरीतलं मडकं काढू देत नाही.

तिचा एक प्रश्न आलाय: घंटा खोटी वाटली तर पायलट खिडकीतून बघून वेग का नाही सांगत?

डावी_सीट_कधी

तिला सांगा, झाडं आणि खांब मागे पळतात म्हणून गाडीत वेग कळतो. वर तसं काहीच नसतं. ढगात तर खिडकी म्हणजे पांढरा कागद, आणि रात्री समुद्रावर काचेत आपलंच तोंड दिसतं.

हँगरवाला

मडकं ठेवा, पण दरवाज्याच्या कुलपाच्या भोकाकडे लक्ष असू द्या, तिथेही घरं करते. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या विमानतळावर तर उभ्या विमानाच्या पिटोतसुद्धा तिच्या भाऊबंदांचा उपद्रव आहे, तिथे झाकणं घालायला तास-दोन तासांचा उशीर झाला तरी महागात पडतो.

आज नाइट आहे माझी. दोन विमानं रात्रभर उभी राहतील. झाकणं घालताना मोजायची, पहाटे काढताना पुन्हा मोजायची, लाल फिती एका हातात धरून पायलटला दाखवायच्या. बाकीचे प्रश्न उद्या.